कोण कोणाची जोडीदार

नाहीदने तिसऱ्या खणाच्या खटक्यावर अंगठा टेकवला आणि दाबण्याआधी सवयीने एकदा वाकून पाहिले. ही सवय वडिलांकडून आलेली होती. इब्राहीम पिंजारी गादीत सुई खुपसण्याआधी कापडाच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवून घेत. नाहीद कोणतेही यंत्र उघडण्याआधी त्याच्याकडे समोरून, तिरपे आणि खालून पाहून घेई.

टेबलावर शिवणयंत्राच्या पेटीएवढा काळा डबा होता. त्यात चार खण, प्रत्येक खणात एक डिस्क, आणि त्या चार डिस्कांमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून एका छोट्या न्यासाने वर्षानुवर्षे जमवलेले आवाज होते: रोवणीची गाणी, मोहफुलांच्या दिवसांतल्या गोष्टी, गोंडीतल्या वंशावळी. सकाळी यंत्राने पडद्यावर कळवले होते की चारांपैकी तिसरी डिस्क बंद पडली आहे. आवाज अजून शाबूत होते. नागपूरच्या पुरवठादाराने फोनवर सांगितले की घाबरण्याचे कारण नाही; डब्याच्या दारावर तक्ता चिकटवला आहे, त्यातला तिसरा खण पाहा, जुनी डिस्क ओढून काढा, नवी सरकवा, बाकीचे यंत्र पाहून घेईल. नवी डिस्क तिच्या मांडीवर तयार होती.

वाकून पाहताना दोन खणांमधल्या फटीत, बरेच आत, तिला कुंकवाचा वाळलेला ठिपका दिसला.

दर्शनी बाजूचे टिळे तिच्या ओळखीचे होते. संस्थेची देखभाल करणारे वारलूभाऊ घुग्घुसच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. खाणीत खांडेनवमीला प्रत्येक हत्यार पुसून पुजायचे, हा त्यांच्या आयुष्यभराचा नेम. इथे आल्यावर तो त्यांनी संगणकांना आणि ध्वनिमुद्रकांना लागू केला. नाहीदला त्यात वावगे वाटत नसे. उलट, डब्यावर धूळ बसू देऊ नका, असे तिनेच त्यांना बजावले होते. पण या फटीत बोट शिरत नव्हते. खण जागेवर असताना तिथे टिळा लागणे शक्य नव्हते.

तिने वारलूभाऊंना हाक मारली आणि खांडेनवमीला हे खण बाहेर काढले होते का, असे विचारले.

"काढले ना," वारलूभाऊ म्हणाले. "बाहेरून फुंकर मारून पूजा होते का, बाई? कोयशाची धूळ केवढी बसली होती! तुमी शिकवली तशी मशीन आधी बंद केली. मंग चारही काढले, पुसले, टिळा लावला अन् वापस ठेवले."

"जो जिथला तो तिथंच ठेवला?"

वारलूभाऊंनी डब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "चारही एकसारखे. कोणता कुठचा, हे मले कसं समजन? पण बसले सगळे बरोब्बर."

नाहीदने खटक्यावरून अंगठा उचलला.

बाहेरच्या खोलीत बाकावर कमळाबाई बसल्या होत्या. नागभीडजवळच्या आपल्या गावाहून सकाळच्या गाडीने त्या चांदा फोर्ट स्थानकावर उतरल्या होत्या, आणि एकाच कामासाठी आल्या होत्या. त्यांची गाण्यातली जोडीदारीण इतवारी गेल्या पावसाळ्यात वारली. दोघींनी मिळून म्हटलेली गाणी गावात अजून लोकांच्या कानांत होती; पण एका रोवणीच्या हंगामात कमळाबाई तापाने पडल्या असताना इतवारीने जोडीची जागा एकटीने सांभाळली होती, आणि नेमके तेव्हाच नाहीदने ते गाणे मुद्रित केले होते. कमळाबाईंनी ते कधी ऐकलेच नव्हते. ते या डब्यात होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

या डब्याची मांडणी नाहीदने स्वतः निवडलेली होती, आणि त्या निवडीमागे तिच्या आयुष्याचा बराचसा भाग होता. लहानपणी वडिलांच्या दुकानात ती कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी बसून गादीचे टाके न्याहाळी. इब्राहीम प्रत्येक टाका स्वतंत्र गाठ मारून तोडत. एकच लांब दोरा फिरवला तर काम लवकर होईल, असे ती एकदा म्हणाली. त्यांनी वाद घातला नाही. एका जुन्या गादीचा लांब दोरा एका ठिकाणी कापून तिच्यासमोर टाकला, आणि थोड्या दिवसांत ती पूर्ण रांग सैल पडून कापूस एका कोपऱ्यात गेलेला तिने पाहिला. तुटणे टळत नाही; तुटल्यावर किती सुटते, हे मात्र शिवणाऱ्याच्या हाती असते, एवढे त्या मुलीला तेव्हा कळले. पुढे तिने घरातला रेडिओ उघडला, तंत्रनिकेतनात पदविका घेतली, घुग्घुसला कोळशाचे ट्रक तोलणाऱ्या काट्याच्या संगणकावर काम केले, आणि तिथून ती या न्यासात आली. पगार कमी झाल्याबद्दल नातेवाइकांनी टोमणे मारले. काट्यावर तिला विचारण्यासारखे काही उरले नव्हते, हे त्यांना समजावणे तिने टाळले.

डबा विकत घ्यायच्या वेळी पुरवठादाराने तिच्यापुढे दोन मांडण्या ठेवल्या होत्या. दोन्हींत चार डिस्क, दोन्हींत प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती. एकीत आधी आरसा आणि मग पट्टे, दुसरीत आधी पट्टे आणि मग आरसा. आरसा म्हणजे एका डिस्कवर जे लिहाल ते जसेच्या तसे दुसरीवरही लिहिले जाणे. पट्टे म्हणजे एकाच ध्वनिफितीचे तुकडे पाडून ते आळीपाळीने निरनिराळ्या डिस्कांवर वाटणे, जेणेकरून त्या मिळून काम लवकर उरकतील. मग क्रम बदलल्याने फरक काय पडतो, हे तिने विचारले. फारसा नाही, असे उत्तर आले. ते उत्तर तिला पुरले नाही. प्रतीही दोनच आणि डिस्कही चारच, तर निवड कशाची करायची?

याचा उलगडा तिला कमळाबाईंच्या गावच्या धानाच्या बांधीत झाला. ध्वनिमुद्रक गळ्यात अडकवून ती चिखलाच्या कडेला उभी होती आणि बाया रोप लावत गात होत्या. गाणाऱ्या मुख्य बाया चार. दोघींनी मिळून एक ओळ म्हणायची, उरलेल्या दोघींनी मिळून पुढची, मग पुन्हा पहिल्या दोघी. एकच ओळ दोघी कशाला म्हणता, असे नाहीदने विचारले तेव्हा कमळाबाई कमरेत वाकलेल्याच होत्या. "रोप लावून राह्यलो, बाई, दम तुटते," त्या म्हणाल्या. "एकीचा तुटला तं दुसरी धरून ठेवते. गाणं खाली पडाले नाई पायजे." आणि इतवारीने, मान वर न करता, पुस्ती जोडली होती की हिचा दम तर दर ओळीला तुटतो, म्हणून मी आहे.

पलीकडच्या गावात रीत निराळी होती. तिथेही चौघीच, पण दोघींचा एक ताफा आपसांत ओळी वाटून पूर्ण गाणे म्हणे आणि दुसरा ताफा तेच पूर्ण गाणे पुन्हा म्हणे. नाहीद दोन्ही गावे पाहून परतली आणि बसमध्ये बसल्या-बसल्या तिला दोन्ही मांडण्या एकदम समोर दिसल्या. कमळाबाईंच्या गावात एकीचा आवाज बसला तर फक्त तिच्या जोडीदारणीवर भार येतो. बाकी दोघींचे काही बिघडत नाही. पलीकडच्या गावात एकीचा आवाज बसला की तिच्या ताफ्यातली दुसरी, गळा ठणठणीत असूनही, निरुपयोगी होते, कारण अर्ध्या ओळी एकट्या म्हणून गाणे होत नाही. मग सगळी भिस्त दुसऱ्या ताफ्यावर, आणि त्यातली कोणतीही एक थांबली की गाणे संपले. पहिल्या रीतीत दुसरा घात एकाच ठिकाणी घातक असतो, दुसऱ्या रीतीत दोन ठिकाणी. आधी जोड्या लावायच्या आणि मग ओळी वाटायच्या, की आधी ओळी वाटायच्या आणि मग ताफे दुप्पट करायचे: क्रमात एवढे सगळे दडलेले होते. वडिलांचा सुटा टाका आणि एकच लांब दोरा तिला आठवले. तिने आधी आरसा आणि मग पट्टे, ही मांडणी घेतली.

म्हणूनच आज एक डिस्क बंद असूनही आवाज पुरा होता. मेलेल्या डिस्कची जोडीदारीण एकटीने आपल्या ओळी धरून होती.

आणि तिलाच नाहीद हाताने बाहेर ओढणार होती, किंवा नव्हती. हेच कळायला मार्ग नव्हता. तक्ता लावला तेव्हा खरा होता. वारलूभाऊंनी खण पुसून परत ठेवले तेव्हा तो खोटा झाला, आणि इतके महिने कोणाच्या लक्षात आले नाही, कारण यंत्राने तक्रार केली नाही. ती का केली नसावी, याचा विचार करताना ती क्षणभर भीती विसरली. यंत्र जागेवरून डिस्क ओळखतच नव्हते. प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचे नाव, तिचा क्रम, तिची जोडी लिहिलेली होती. जागे होताना यंत्र हजेरी घेई आणि ज्या खणातून उत्तर येईल तिथे ती आहे असे मानी. "तिसरी" हे नाव होते. बसण्याची जागा हे नाव नव्हे, एवढी साधी गोष्ट कागदावर विसंबून राहणारी माणसेच विसरली होती.

वारलूभाऊ दाराशी उभे होते. माझ्यामुळे काही बिघडले का, असे त्यांनी विचारले.

"पुसा म्हणून म्याच सांगतलं होतं," नाहीद म्हणाली. "कसं पुसाचं ते नाई सांगतलं. आता बसा इथी, हात लागन तुमचा."

यंत्र बंद करून चारही डिस्क काढायच्या आणि त्यांच्या पाठीवरचे क्रमांक वाचायचे, हा उपाय तिच्या मनात आला होता. तिने तो बाजूला ठेवला. चौघी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या, म्हणजे उरलेल्या तिघीही तेवढ्याच जुन्या. चालती जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते, आणि आज एकटीने भार वाहणाऱ्या डिस्कला थांबवून पाहण्याची ही वेळ नव्हती. शिवाय, काहीही शोधण्याआधी आवाज दुसऱ्या जागी उतरवून घ्यायला हवे होते. त्यासाठी परवानगी लागणार होती.

संस्थेचे प्रमुख प्रफुलसर भाषाशास्त्राचे अभ्यासक होते, आणि डब्यातल्या आवाजांची कोणतीही प्रत डब्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम त्यांचा होता. नियमामागे कारणही होते. पूर्वी एका पाहुण्याने अभ्यासासाठी म्हणून गाणी नेली आणि ती एका जाहिरातीत वाजली. ज्यांच्या तोंडची होती त्यांना कोणी विचारले नाही. तेव्हापासून सर कुलपाच्या बाबतीत कठोर झाले होते.

नाहीदने झाला प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण आपल्याकडे प्रत्येक फितीच्या दोन प्रती आहेत ना?"

"आहेत, सर. दोन्ही एकाच डब्यात आहेत, एका वायरवर. मी एखादी फीत चुकून पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. आरशात दुसरा माणूस नसतो."

प्रफुलसरांनी चष्मा काढला. मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मात्र कुतूहलाचे होते: चुकीची डिस्क ओढली तर नेमके काय जाईल? अर्धी गाणी जातील का? नाहीद म्हणाली की अर्धी गाणी गेली असती तर निदान अर्धी उरली असती. इथे प्रत्येक गाण्याची एकाआड एक ओळ जाईल. चारशे गाण्यांची लक्तरे उरतील, एकही पुरे उरणार नाही. ओढलेली डिस्क परत सरकवली तरी यंत्र तिला पुन्हा घरात घेईल याची हमी नव्हती.

सरांनी प्रत करायला सांगितले. कपाटातली एक सुटी मोठी डिस्क त्यांनी स्वतः काढून दिली.

सगळ्यांत आधी काय उतरवायचे, हे नाहीदने कोणाला विचारले नाही. इतवारीची ती फीत शोधून तिने पुढे काढली, आणि मग बाकीचा संग्रह मागोमाग सोडला. पडद्यावर एकेक नाव सरकू लागले. डिस्कांच्या एका जोडीतल्या दोघी आळीपाळीने वाचून देत होत्या. दुसऱ्या जोडीतली उरलेली एक सगळे एकटीने देत होती. नाहीदने कमळाबाईंना आत बोलावले नाही. आधी हे पार पडू दे, असे तिने मनाशी ठरवले. बाईंना अर्धवट गाणे ऐकवण्याची पाळी आली असती तर ते तिला सोसले नसते.

दुपार टळली तेव्हा प्रत पूर्ण झाली. आता शोध उरला होता.

डब्याचे दिवे कामाचे नव्हते. वीज पोचते एवढेच ते सांगत. नाहीदने लांब दांड्याचा पेचकस घेतला, टोक पहिल्या खणाच्या धातूवर टेकवले आणि मूठ कानाला लावली. रेडिओ उघडायच्या वयात ती घरातल्या पंख्याचा बिघाड असाच ऐकत असे. कळफलक तिने वारलूभाऊंच्या पुढे केला. मी सांगेन तेव्हा हे बटण दाबा, एवढेच काम. बटण दाबले की यंत्र एका जिवंत डिस्कला नावाने हाक मारून, इथून थोडे तिथून थोडे असे वाचायला लावी. वाचणाऱ्या डिस्कच्या पोटात काटा भराभर हलतो आणि बारीक खुडखुड उठते.

पहिलीला हाक मारली. खुडखुड चौथ्या खणातून आली. वारलूभाऊंनी कपाळाला हात लावला. दुसरीला हाक मारली; ती पहिल्या खणात होती. खात्रीसाठी नाहीदने प्रत्येक वेळी उरलेले खणही ऐकले. राहिली चौथी, म्हणजे मेलेल्या तिसरीची जोडीदारीण. नाहीदने पेचकस दुसऱ्या खणावर टेकवला आणि मान हलवली. बटण दाबले गेले. दुसरा खण गप्प होता. तिने टोक तिसऱ्या खणावर ठेवले.

तिथे खुडखुड होती. तालात, न थांबता.

सकाळी तिचा अंगठा ज्या खटक्यावर होता तो तोच. नाहीद पेचकस कानाला लावून तशीच बसून राहिली. भीतीपेक्षा तिला त्या आवाजाचे नवल वाटत होते. एवढ्या बारीक खुडखुडीत दोन जिल्ह्यांच्या अर्ध्या ओळी होत्या, आणि ती थांबवायला फक्त एक अंगठा पुरे होता.

"काऊन, बाई?" वारलूभाऊंनी हलक्या आवाजात विचारले.

तिने पेचकस त्यांच्या हाती दिला आणि कान लावायला सांगितले. त्यांनी बराच वेळ ऐकले. मग दुसरा खण ऐकला, आणि पेचकस खाली ठेवून हात जोडले.

नाहीदने दुसऱ्या खणाचा खटका दाबला. बाहेर आलेल्या डिस्कच्या पाठीवरचा क्रमांक तिने जुन्या पावतीशी ताडून पाहिला. तीच तिसरी होती. नवी डिस्क आत गेली. पडद्यावर यंत्राने कळवले की जोडी पुन्हा जुळवणे सुरू झाले आहे. चौथी आता पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या ओळी नवीला शिकवणार होती, आणि याला संध्याकाळ लागणार होती. ती मधेच थांबली असती तरी आता कपाटात एक प्रत होती. नाहीद उठली, तोंड धुतले आणि कमळाबाईंना आत बोलावले.

कमळाबाईंनी हेडफोन नको म्हटला. कानात घातलेला आवाज माणसाचा वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून नाहीदने तो स्पीकरवर लावला. आधी पाण्याचा चुबचुब आवाज, कोणाचे तरी खोकणे, आणि मग पहिल्या जोडीची ओळ. त्यानंतर, जिथे दोन गळे यायचे तिथे एकच आला. इतवारी ओळीच्या मध्याला दम घेण्यासाठी थांबली. तिथे थोडी जागा रिकामी राहिली, आणि तिने ओळ पुन्हा उचलली.

कमळाबाई ओठ हलवत होत्या. दुसऱ्या खेपेला ती रिकामी जागा आली तेव्हा त्यांनी ती भरली, अगदी हळू, आणि इतवारीची ओळ येताच सोडून दिली. प्रफुलसर दारात येऊन उभे राहिले होते.

"जागा सोडून राह्यली माह्यासाठी," कमळाबाई म्हणाल्या. "मी नव्हती तरी."

गाणे संपल्यावर त्यांनी नाहीदला विचारले की हे आमच्या गावात कधी ऐकता येईल. नव्या पोरी दम कुठे घ्यायचा ते शिकत नाहीत, सगळ्या एकदमच घेतात. नाहीदने सरांकडे पाहिले. नियम त्यांचा होता आणि तो का केला होता हे तिला ठाऊक होते.

"कपाटातली प्रत याच खोलीत आहे, सर," ती म्हणाली. "छप्पर एकच. ते गेले तर दोन्ही प्रती गेल्या."

प्रफुलसरांनी कपाटाकडे पाहिले. इतकी वर्षे त्यांनी आवाज परक्यांपासून जपले होते, आणि त्याच कुलपात ज्यांचे आवाज त्यांनाही बाहेर ठेवले होते. हे त्यांना या क्षणी कळले की आधीपासून टोचत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हते. मग त्यांनी कमळाबाईंनाच विचारले, की गाणी तुमच्या गावात ठेवायची तर कोणाच्या घरी ठेवाल, आणि बाहेरच्याला द्यायची की नाही हे कोण ठरवेल.

"एकीच्या घरी नाई," कमळाबाई म्हणाल्या. "माह्या घरी एक, अन् इतवारीच्या सुनेच्या घरी एक. द्याचं का नाई, ते चौघी मिळून ठरवू."

गावाची सगळी गाणी दोन छोट्या डिस्कांवर उतरवून घेऊन कमळाबाई दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतल्या. तोवर डब्यातली जोडीही पुरी जुळली होती. नाहीदने दारावरचा तक्ता खरवडून काढला आणि प्रत्येक खणावर आतल्या डिस्कचे नाव आणि तिच्या जोडीदारणीचे नाव लिहून चिकटवले.

या वर्षीच्या खांडेनवमीला वारलूभाऊंनी डबा बाहेरून पुसला, खणांना हात न लावता दर्शनी बाजूला चार टिळे लावले, आणि मग कपाट उघडून तिथल्या प्रतीलाही एक लावला. वाटीत बोटभर कुंकू उरले होते. वारलूभाऊ तिथेच घुटमळले.

"गावातल्या दोघींले कोण लावन मंग?" त्यांनी विचारले.

"कमळाबाईचा सकाळीच फोन आला होता," नाहीद म्हणाली. "लावला म्हणे. अन् बाहेरूनच."